पाण्यात झिंक चालू असूनही गाईंची कातडी का सोलवटते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मूळचे बारामतीकडचे, सध्या न्यूझीलंडच्या वायकाटो भागात, मॉरिन्सव्हिलजवळ चारशे गाईंच्या डेअरी फार्मवर हर्ड मॅनेजर आहेत. जानेवारीच्या मध्यापासून हौदाच्या पाण्यातून झिंक सल्फेट चालू आहे. तरी मार्चमध्ये सहा गाईंच्या सडांवरची आणि पांढऱ्या ठिपक्यांवरची कातडी लाल होऊन सोलवटायला लागली. फेशियल एक्झिमाच आहे, म्हणजे गवतावरच्या बुरशीच्या विषाने यकृत बिघडून कातडी जाण्याचा रोग, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मालक म्हणतो, झिंक दुप्पट करू. तसं करावं का? आणि कोकणात मामाकडे एका गाईला अगदी असंच झालं होतं, तो हाच रोग होता का?

मी वायकाटोत बरीच वर्षं डेअरी जनावरांचीच डॉक्टरकी करतोय, त्यामुळे हा प्रश्न दर हंगामात कुणाकडून तरी येतोच.

दुप्पट करू नका. आज ज्या सहा गाईंची कातडी निघतेय, त्यांच्या यकृताला मार बसला तो निदान दहा-पंधरा दिवसांपूर्वी. झिंक फक्त आधी दिलेलं असेल तर वाचवतं, झालेलं नुकसान ते भरून काढत नाही. आता डोस चढवणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला. तेव्हा किती वाढवायचं हा प्रश्न बाजूला ठेवा आणि इतके दिवस जे टाकलं, त्यातलं गाईच्या पोटात खरोखर किती गेलं, ते शोधा. मी पाहिलेल्या बहुतेक फार्मवर वहीत लिहिलेलं झिंक आणि गाईला मिळालेलं झिंक यांत मोठी तफावत निघते.

रोग कसा होतो ते एकदा नीट डोक्यात बसलं, की पुढची कामं आपोआप सुचतात. रायग्रास या इथल्या कुरणांतल्या नेहमीच्या गवताच्या बुडाशी वाळक्या पात्यांचा जो थर साचतो, त्यावर स्यूडोपिथोमायसेस चार्टारम नावाची बुरशी वाढते. हिरव्या गवताला ती काही करत नाही, मेलेल्या पाचोळ्यावर जगते. उन्हाळा सरताना, म्हणजे इथे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, जमिनीलगतचं तापमान सलग दोन-तीन रात्री 12-13 अंशांच्या खाली उतरलं नाही आणि त्यात चार-पाच मिलिमीटर पाऊस किंवा जड दव पडलं, की ती भराभर बीजाणू सोडते. या बीजाणूंमध्ये स्पोरिडेस्मिन हे विष असतं. गाय बुडापर्यंत चरली की ते पोटात, तिथून यकृतात आणि पित्ताबरोबर पित्तनलिकांत पोहोचतं. नलिका सुजतात, बुजतात, कायमच्या जाड होतात.

कातडीचा प्रकार त्यानंतरचा. गवतातल्या हरितद्रव्यापासून रवंथाच्या पोटात फायलोएरिथ्रिन नावाचा पदार्थ तयार होतो. धडधाकट गाय तो पित्तावाटे बाहेर टाकते. पित्ताची वाट बंद झाली की तो रक्तात साठतो, कातडीत उतरतो, आणि ऊन लागताच तिथली कातडी आतून भाजल्यासारखी होते. फायलोएरिथ्रिनचा हा दुवा रुआकुरा संशोधन केंद्रातल्या क्लेअर यांनी 1944 मध्येच दाखवला होता. पण मूळ दोषी बुरशी हाती लागायला 1958 उजाडलं. पुढच्या वर्षी सिंज आणि व्हाइट यांनी विष वेगळं काढलं. हे सिंज म्हणजे 1952 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरी. एवढा मोठा माणूस गवतावरच्या बुरशीमागे लागला, यावरून इथल्या शेतकऱ्यांना हा रोग किती छळत होता याची कल्पना येते.

यातून एक गोष्ट निघते, ती तुमच्या मालकाला आवर्जून सांगा. काळ्या कातडीतल्या रंगद्रव्यामुळे तिथे ऊन आत पोहोचत नाही. म्हणून पांढरे ठिपके, सड, कास, शेपटीखालचा भाग एवढंच सोलवटतं. जी गाय जवळजवळ पूर्ण काळी आहे, तिचं यकृत अर्धं गेलेलं असलं तरी बाहेरून ती चकचकीत दिसते. इकडे सर्वसाधारण हिशेब असा धरतात, की डोळ्यांना दिसणाऱ्या एका गाईमागे दहा गाई आतून दुखावलेल्या असतात. तुमच्याकडे सहा दिसल्या, म्हणजे साठेक गाई आजारी आहेत असं धरून चाला.

मागे वळून पाहिलंत तर खूण सापडेलही. विष पोटात गेल्यावर एक-दोन दिवस गाई पातळ हगतात, दूध अचानक उतरतं, मग सगळं पूर्ववत वाटतं. पार्लरच्या, म्हणजे धार काढायच्या शेडच्या, नोंदीत फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला कारण न सांगता येणारी दुधाची उतरंड दिसते का, बघा. पुढची खूण धार काढताना कळते. एरवी शांत उभी राहणारी गाय यंत्राचे कप सडांना लावताना लाथा झाडते, कास चाटते, कुंपणाच्या इवल्याशा सावलीत डोकं खुपसून उभी राहते. कातडी लाल होते ती त्यानंतर.

आता झिंकच्या हिशेबाकडे येतो, कारण घोळ बहुधा इथेच आहे.

नेहमीचं प्रमाण म्हणजे गाईच्या दर किलो वजनामागे रोज 20 मिलिग्रॅम शुद्ध झिंक. 450 किलोच्या गाईला 9 ग्रॅम. पण आपण शुद्ध झिंक देत नाही, त्याचा क्षार देतो. झिंक ऑक्साईडमध्ये 80 टक्के झिंक असतं, म्हणजे त्याच गाईला साधारण 11 ग्रॅम ऑक्साईड. पाण्यात टाकायचं सल्फेट मात्र दोन प्रकारचं मिळतं. मोनोहायड्रेटमध्ये 36 टक्के झिंक, हेप्टाहायड्रेटमध्ये जेमतेम 23. पहिलं 25 ग्रॅम लागतं, दुसरं 40 ग्रॅम. दोन्ही पांढरी पूड, दोन्ही पंचवीस किलोच्या पोत्यात, दोन्हीवर ठळक अक्षरांत झिंक सल्फेट.

तुमच्या चारशे गाईंना रोज 3.6 किलो शुद्ध झिंक हवं. मोनोहायड्रेट असेल तर 10 किलो. समजा मागच्या हंगामातला तक्ता भिंतीवर तसाच राहिला, 10 किलो असा आकडा त्यावर आहे, आणि यंदा दुकानातून हेप्टाहायड्रेट आलं. तर गाईला किलोमागे 20 ऐवजी साडेबारा मिलिग्रॅम मिळतंय. त्यात गाई फ्रिजियन या थोराड जातीच्या असतील आणि खरं वजन 530 असेल, तर तोच आकडा 11 च्या खाली जातो. कुणीही कामचुकारपणा केलेला नाही, रोज इमानेइतबारे पोतं ओतलं गेलंय, आणि गाई अर्ध्या डोसवर आहेत. आज संध्याकाळी पोत्यावरचं लेबल वाचा आणि दहा-वीस गाई काट्यावर घ्या. अंदाजाने वजन धरू नका. सगळेजण कमीच धरतात.

दुसरी गळती पाण्याची. झिंक सल्फेट तुरट लागतं, गाईंना आवडत नाही. म्हणून पहिल्या दिवशी पूर्ण डोस न देता आठवडाभरात तो चढवत न्यायचा असतो. एवढं करूनही गाईला दुसरीकडे गोडं पाणी मिळालं तर ती हौदाकडे फिरकत नाही. ओहोळ, गळक्या पाईपचं डबकं, पार्लर धुतल्यावर वाटेत साचलेलं पाणी, काहीही चालतं तिला. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ज्या हवेत बुरशी फोफावते, त्याच हवेत गाय पाणी कमी पिते. उबदार भुरभुर पाऊस, ओलं गवत, ढगाळ दिवस. गवतातूनच पाणी मिळाल्यावर हौदाची गरज कुणाला? जोखीम सर्वांत जास्त असते नेमके तेव्हाच पाण्यातून जाणारं झिंक घसरतं. भर हंगामात नुसत्या पाण्यावर विसंबणं मला कधीच पटलेलं नाही. निम्मं पाण्यातून आणि निम्मं पार्लरमधल्या खाद्यातून दिलं तर एक वाट चुकली तरी दुसरी हात देते. पण दोन्हींची बेरीज 20 च्या आसपासच ठेवायची, हे विसरू नका. काही जण एकेका गाईला झिंक ऑक्साईड पाजतात. चारशे गाईंना रोज पाजणं हे खांद्यांचं काम आहे, पण डोस पोटात गेल्याची खात्री त्याच्याइतकी दुसऱ्या कशात नाही. ऑक्साईड तळाला बसतं, तेव्हा पिंप सतत ढवळत राहायला हवं. नाहीतर पहिल्या ओळीला पाणी आणि शेवटच्या ओळीला गाळ.

हे सगळं तपासल्यावर डॉक्टरांना दोन वेगवेगळ्या गोष्टींसाठी रक्त घ्यायला सांगा. पहिली, रक्तातलं झिंक. चांगल्या दिसणाऱ्या, वेगवेगळ्या वयाच्या दहा गाई निवडा. दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या दांडग्या गाईच तेवढ्या नकोत. पहिलारू भित्र्या असतात, हौदावर मागे ढकलल्या जातात, त्या घ्याच. लिटरला 20 ते 35 मायक्रोमोल आलं तर पुरेसं मिळतंय. दहातल्या चार-पाच गाई त्याखाली असतील तर कळप उघड्यावर आहे. नमुन्याची नळी मात्र झिंकसाठीचीच हवी. साध्या नळीच्या रबरी बुचातूनच झिंक उतरतं आणि आकडा खोटा चांगला दिसतो. दुसरी तपासणी जीजीटी या एन्झाईमची. ते पित्तनलिका दुखावल्या की चढतं आणि कित्येक आठवडे चढलेलं राहतं. झिंकचा आकडा आजचं संरक्षण सांगतो, जीजीटी गेल्या महिन्यात काय झालं ते सांगतं. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका.

हिशेब तपासून डोस 12 वरून 20 वर नेलात तर ते योग्यच आहे. पण तो आधीच 20 असेल आणि मालक 40 करायला निघाला असेल, तर थांबवा. जादा झिंकने स्वादुपिंड खराब होतं, गाई खाणं सोडतात, हगवण लागते. कॅल्शियमचं शोषण कमी होतं, त्यामुळे शरदात विणाऱ्या गाई असतील तर मिल्क फीव्हरने, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम उतरून, आडव्या पडतात. ठरलेल्या डोसवरही सलग शंभर दिवसांपलीकडे झिंक चालवू नये, असं इथलं साधारण धोरण आहे. आणि हंगाम चालू असताना तांब्याच्या गोळ्या किंवा इंजेक्शन देऊ नका. स्पोरिडेस्मिनचा जो मारा पेशींवर होतो त्याला तांबं हातभार लावतं, तर झिंक त्याच साखळीत अडथळा घालतं. तांबं कमी पडलं असेल तर ते हंगाम संपल्यावर तपासून भरून काढता येतं.

जाता जाता सांगतो, झिंकचा हा उपाय प्रयोगशाळेतून आलेला नाही. तुमच्या फार्मपासून जवळच असलेल्या ते आरोहा गावच्या ग्लॅडिस रीड या दूध उत्पादक बाईंनी आपल्या गाईंवर तो करून पाहिला आणि 1970 च्या दशकात त्यासाठी आवाज उठवला. शास्त्रज्ञांनी आधी फारसं मनावर घेतलं नाही. नंतर रुआकुरातल्या नील टावर्स यांच्या चाचण्यांत बाईंचं म्हणणं खरं निघालं.

आता गवत. जिल्ह्याचे आठवड्याचे बीजाणूंचे आकडे तुम्ही पाहत असालच. पण ते फक्त धोक्याची घंटा वाजवतात, तुमच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपण घातलेल्या कुरणाच्या तुकड्यात, काय आहे ते सांगत नाहीत. शेजारच्या दोन पॅडॉकमध्ये दहापट फरक मी पाहिलाय. इथे सूर्य उत्तरेकडून येतो, म्हणून उत्तरेला उताराचे, वाऱ्याच्या आडोशाचे, झाडांच्या रांगेजवळचे तुकडे जास्त तापतात आणि तिथे बुरशी आधी पिकते. असे चार पॅडॉक कायमचे ठरवून टाका आणि दर आठवड्याला त्यांचेच नमुने द्या. प्रत्येकातून दहा जागी, जमिनीपासून एक सेंटिमीटर वर कात्री चालवायची, आणि मुळं-माती येऊ द्यायची नाही. हिरवे शेंडे तोडून नेलेत तर अहवाल छान येईल आणि गाई आजारी पडतील. प्रयोगशाळेत 60 ग्रॅम गवत 600 मिलिलिटर पाण्यात हलवतात आणि त्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. संधी मिळाली तर एकदा बघून या. तपकिरी, आडव्या-उभ्या रेघांचे ते बीजाणू हुबेहूब हातबॉम्बसारखे दिसतात, एकदा पाहिले की विसरत नाहीत.

एका ग्रॅम गवतामागे बीजाणूंचा आकडा 20 हजारांवर चढताना दिसला की झिंकचा डोस चढवायला घ्यायचा, 30 हजारांपर्यंत तो पूर्ण झालेला हवा. लाखावर गेलेल्या पॅडॉकमध्ये गाई घालूच नयेत. पण 30-40 हजारांवर आठवडेच्या आठवडे चरूनही यकृत जातं, कारण मार साठत जातो. लाखाची वाट पाहत बसणारे इथेच फसतात. संरक्षण बंद करायचं तेही एका चांगल्या अहवालावर नाही, सलग तीन आठवडे आकडे खाली राहिल्यावर. मेच्या पहिल्या गारव्याला भुलून पोतं आवरू नका.

चराईची शिस्त या महिन्यात बदला. बुडाशी जितकं खाली जाल तितके बीजाणू जास्त, म्हणून गाईंना पॅडॉक साफ करायला लावू नका, थोडं गवत मागे सोडून पुढे हलवा. उरलेलं गवत छाटून तिथेच पाडण्याची सवय असेल तर ती उन्हाळ्यात सोडा, तो पाचोळा बुरशीचंच खाद्य होतो. मका सायलेज (मुरघास) आणि चिकोरी, प्लांटेन ही रुंद पानांची चारापिकं यांवर बीजाणू फार कमी असतात. त्यांचा वाटा वाढवला की गाय रायग्रासच्या बुडापर्यंत तोंड घालत नाही. बुरशीनाशकाची फवारणी हाही चांगला मार्ग आहे, महिना-दीड महिना पॅडॉक सांभाळतो, पण आकडे कमी असतानाच मारावं लागतं. आधीच तयार झालेल्या बीजाणूंतलं विष ते काढून घेत नाही. यंदा ती वेळ गेली. पुढच्या जानेवारीसाठी मालकाशी बोलून ठेवा.

त्या सहा गाईंना आजच्या आज कळपातून काढा आणि उन्हातून हलवा. तुमची वासरांची शेड मार्चमध्ये रिकामी असते, ती वापरा. चरायला सोडायचंच असेल तर रात्री सोडा. हिरवं कमी, सुकं गवत आणि सायलेज जास्त, म्हणजे हरितद्रव्य कमी जाईल. सड सोलवटलेल्या गाईची धार काढणं हा तिच्यावर अत्याचार आहे. हंगाम तसाही उतरतीला लागलाय, तिला आटवा. वेदना आणि सूज कमी करणारं औषध डॉक्टर देतील ते द्याच, नुसत्या मलमावर भागवू नका. उघड्या कातडीला झिंकचं जाड मलम लावा आणि माशी बसून अळ्या पडत नाहीत ना, ते रोज बघा. खपल्या ओढून काढू नका. कातडी उघडी असलेली गाय ट्रकवर चढवायची नाही. विकायचीच असली तरी डॉक्टरांचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत थांबा.

यातल्या काही वाचतील आणि कातडी भरून येईल. यकृताचा बराचसा भाग पुन्हा वाढतो, पण बुजलेल्या नलिका तशाच राहतात. खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये व्यायल्यावर होते, जेव्हा यकृतावर सगळा भार येतो. चढलेल्या जीजीटीच्या गाईंच्या कानाला वेगळा टॅग लावून ठेवा. किटोसिस (व्यायल्यावर अंगातली चरबी जास्त झिजून होणारा आजार) आणि मिल्क फीव्हर आधी त्यांनाच गाठतात. केवळ जीजीटीच्या आकड्यावर मात्र गाय काढून टाकू नका. आकडा भयंकर असूनही धडपणे व्यालेल्या गाई असतात.

तुम्ही प्रश्नात एका गोष्टीचा उल्लेखही केला नाही, त्यामुळे मला तिचीच जास्त काळजी वाटते. तुमच्या कालवडी कुठे आहेत? बहुतेक फार्मच्या कालवडी दुसऱ्याच्या रानावर चरायला पाठवलेल्या असतात, आणि तिथे झिंक कोण देतंय हे दोन्हीकडच्यांना माहीत नसतं. दूध न देणारं जनावर पाणी कमी-जास्त पितं, म्हणून त्यांना पाण्यातून दिलेल्या झिंकचा भरवसा नाही. त्यांच्यासाठी पोटात ठेवायचे झिंकचे बोलस असतात, चार ते सहा आठवडे पुरतात. ते वजनानुसार द्यायचे आणि मुदत संपायच्या आत पुन्हा द्यायचे. आजच फोन करून शेवटचे बोलस कोणत्या तारखेला दिले ते विचारा.

राहिली मामाकडची गाय. तिला फेशियल एक्झिमा असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर अशी सोललेली गाय दिसली की पहिला संशय घाणेरीवर, म्हणजे टणटणीवर घ्यावा. तिच्या पानांतलं लँटाडिन हेही पित्ताचा प्रवाह अडवतं. पुढचं सगळं तसंच घडतं, फायलोएरिथ्रिन साठतं आणि ऊन लागून कातडी जाते. चाऱ्याची टंचाई असताना किंवा बाहेरून आणलेलं, झाडाची ओळख नसलेलं जनावर रानात सोडलं की हे होतं. आपल्याकडच्या गोखरूनेही शेळ्यामेंढ्यांत असा प्रकार होतो, दक्षिण आफ्रिकेत तर तो मोठा रोग मानला जातो. या दोन्हींत झिंकचा काही उपयोग नाही, तेव्हा इथून मामांना झिंक द्यायचा सल्ला पाठवू नका. घाणेरी खाल्लेल्या गाईचं कोठीपोट थंडावतं, शेण घट्ट होतं, डोळे पिवळे पडतात, आणि पोटात पडून राहिलेल्या पाल्यातून विष झिरपतच राहतं. म्हणून तिथे पशुवैद्याला लवकर बोलावणं महत्त्वाचं. पोटातला पाला बाहेर काढणं किंवा कोळशाची भुकटी पाजून विष बांधून ठेवणं हे जितकं लवकर होईल तितकं कामाला येतं. गाय सावलीत बांधायला मात्र त्यांनी डॉक्टरांची वाट पाहायची गरज नाही.